दारी सुगंध हवा, तर आधी माती ओळखा



मृग नक्षत्र जवळ आले की पालक एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, घरापुढे एखादे वासाचे फुलझाड लावायचे आहे, कोणते लावू?" उत्तर एका शब्दात देता येत नाही. बेळगावच्या तांबड्या मातीत जे झाड जोमाने वाढते, तेच निपाणीच्या काळ्या रानात पिवळे पडून बसते. दरवर्षी ५ जूनला सगळीकडे वृक्षारोपण होते, फोटो निघतात आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप लावावे लागते, असे अनेक ठिकाणी दिसते. रोपे मरतात ती बहुधा नशिबाने नव्हे, तर चुकीच्या निवडीने आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी न मिळाल्याने. म्हणून या अंकात सुवासिक झाडांची निवड व जोपासना याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपली माती, आपला पाऊस

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. शहर आणि खानापूरच्या बाजूला जांभ्यापासून झालेली तांबडी माती व भरपूर पाऊस. ही माती किंचित आम्लधर्मी असते आणि पाणी लवकर मुरवते. निपाणी, चिकोडीकडे जाऊ लागलो की माती काळी होते आणि पाऊस कमी होत जातो. काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते.

चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोक याला रोग समजून औषध फवारतात. खरे तर ही झाडाची उपासमार असते. अशा वेळी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा पानांवर फवारल्यास फरक दिसतो. हिराकस किराणा-औषधांच्या जुन्या दुकानांत किंवा खतांच्या दुकानात मिळते.

उपाय दोन्हीकडे वेगळे आहेत. बेळगाव-खानापूरकडे रोप थोड्या उंचवट्यावर लावावे, म्हणजे जुलैच्या झडीत मुळाशी पाणी साचणार नाही. निपाणीकडे खड्ड्यातील मातीत शेणखत आणि वाळू चांगली मिसळावी आणि उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन द्यावे, म्हणजे जमीन भेगाळणार नाही.

नावांचा गोंधळ

आपण सीमाभागात राहतो. रोपवाटिकेत गेलो तर माळीदादा कानडीत नाव सांगतात, पाटीवर कधी इंग्रजी असते आणि घरी आई मराठीत बोलते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या डोक्यात आणखी एक नाव असते. एकाच फुलाची ही नावे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावीत:

मोगरा – हिंदीत बेला, कानडीत दुंडु मल्लिगे.
प्राजक्त – हिंदीत हरसिंगार, कानडीत पारिजात.
निशिगंध – हिंदीत रजनीगंधा, कानडीत सुगंधराज.
सोनचाफा – हिंदीत चंपा, कानडीत संपिगे.
वाळा – हिंदीत खस, कानडीत लावंच.
अनंत – हिंदीत गंधराज.
टगर – हिंदीत चांदनी, कानडीत नंदिबट्टलु.

शेवटची दोन नावे मुद्दाम जवळजवळ दिली आहेत. अनंताचे रोप म्हणून दुहेरी पाकळ्यांची टगर घरी आणली, असे पुष्कळदा घडते. दोन्हींची फुले पांढरी, पाने हिरवीगार. पण ओळख सोपी आहे. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर ती टगर. अनंताला चीक नसतो. टगरीचे झाड काही वाईट नाही, देवपूजेला फुले भरपूर देते, पण अनंताचा सुवास तिच्याकडून मिळणार नाही. अबोलीचेही तसेच. रंग सुरेख, गजऱ्याला शोभा येते, पण वास नाही. सुवास मोगऱ्याचा किंवा मरव्याचा असतो, जो अबोलीबरोबर गुंफलेला असतो.

"चाफा" या नावाने तर अनेक वेगळी झाडे वावरतात. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. पांढरा किंवा देवचाफा कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिका खंडातला. भुईचाफा तर हळदीचा भाऊबंद. म्हणून नुसता "चाफा द्या" असे सांगू नये, कोणता चाफा हवा ते सांगावे.

वास येतो कोठून?

पाकळ्यांमध्ये अत्यल्प प्रमाणात तेलासारखी, हवेत चटकन उडणारी रसायने तयार होतात. मोगऱ्याच्या वासात बेन्झिल ॲसिटेट हे एक महत्त्वाचे द्रव्य आहे. तुळशीत युजेनॉल असते आणि तेच लवंगेत असते. गवती चहा चुरगळला की लिंबाची आठवण होते, कारण दोन्हींत सिट्रल हे द्रव्य आहे. वर्गात हा प्रयोग करण्याजोगा आहे: डोळे बांधून पाने हुंगायची आणि कशाचा वास आठवतो ते सांगायचे.

झाडे हा खर्च आपल्यासाठी करीत नाहीत. कीटकांना बोलावण्यासाठी करतात. रात्री उमलणारी मोगरा, निशिगंध, रातराणी, प्राजक्त ही फुले बहुतेक पांढरी किंवा फिकट असतात, कारण अंधारात रंगांचा उपयोग नसतो. लांब सोंडेचे पतंग वासाचा माग काढत येतात. म्हणून या झाडांचा दरवळ संध्याकाळनंतर वाढतो. झाड कोठे लावायचे ते यावरून ठरवावे. सायंकाळी ज्या कट्ट्यावर घरची माणसे बसतात, त्याच्या जवळ मोगरा. सकाळी जेथून आपण बाहेर पडतो तेथे प्राजक्त, म्हणजे पहाटेचा सडा दिसेल.

निवड कशी करावी?

मोगरा. पहिले झाड कोणते, असे विचारले तर मी मोगराच सांगेन. कुंडीतही येतो, जमिनीतही येतो. रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत नुसती पाने वाढतात. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून छाटणी केल्याशिवाय बहर नाही. डिसेंबरपासून पाणी कमी करावे, जानेवारीच्या शेवटी झाड निम्म्यापर्यंत छाटावे, बुडाशी शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या धरू लागतात. अनेकांना झाडावर कात्री चालविणे जिवावर येते, पण मोगऱ्याच्या बाबतीत ही माया फुलांना मुकवते. आपल्या राज्यात मैसूर, उडुपी आणि हडगली येथील मल्लिगेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हडगली गावाचे पूर्ण नावच हूविन हडगली, म्हणजे फुलांची हडगली. एका फुलाने एखाद्या गावाची ओळख घडू शकते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

जाई आणि जुई. या वेली आहेत, त्यांना मांडव किंवा कठड्याचा आधार द्यावा. छाटणी थंडीतच करावी. निपाणीकडील चुनखडीच्या मातीत पाने पिवळी पडल्यास वर सांगितलेला हिराकसाचा उपाय करावा.

अनंत. याला आम्लधर्मी माती आवडते. बेळगाव, खानापूरकडे खुशाल लावावा. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लावायचा हट्ट धरू नये. हवाच असेल तर तांबडी माती आणून कुंडीत लावावा.

प्राजक्त. दोन्हीकडच्या मातीत येतो, फारशी सेवा मागत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फुलतो. फुलाच्या केशरी देठापासून रंग निघतो आणि पूर्वी तो रेशीम रंगविण्यासाठी वापरीत. बहर संपल्यावर फांद्या छाटाव्यात. जुन्या झाडाखाली पावसाळ्यात बियांपासून रोपे उगवलेली असतात, विकत घेण्याची गरजच नाही.

सोनचाफा. बियांपासून लावलेले झाड फुलायला सात-आठ वर्षे किंवा अधिकही घेते. कलमी झाड एक-दोन वर्षांत फुलू लागते. कलम घेतल्यावर जोडाच्या खालून येणारी फूट नेहमी काढून टाकावी, नाही तर खालचे रानटी झाड वाढते आणि वरचे कलम मरते. मुळाशी पाणी साचणे याला अजिबात सोसत नाही. भिंतीपासून किमान दहा फूट अंतर ठेवावे.

बकुळ. हिंदीत मौलसिरी. सावकाश वाढते, पण सावली दाट आणि झाड दीर्घायुषी. फुले वाळली तरी वास जात नाही, म्हणून वहीत ठेवलेले बकुळीचे फूल वर्षानंतरही ओळखता येते. घराच्या छोट्या अंगणापेक्षा शाळेच्या आवारात हे झाड जास्त शोभेल.

निशिगंध. हा मूळचा मेक्सिकोचा. कंद मार्च ते मे या काळात पाच-सहा सेंटिमीटर खोल आणि वीतभर अंतराने लावावेत. तीन-चार महिन्यांत दांडा येतो. एकेरी पाकळ्यांच्या निशिगंधाला दुहेरीपेक्षा अधिक वास असतो. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेने शृंगार, प्रज्वल अशा एकेरी जाती विकसित केल्या आहेत. दोन-तीन वर्षांनी कंद काढून विरळ करावेत.

रातराणी. हिच्याबद्दल जरा जास्त सांगायला हवे, ते पुढे येईलच.

वासाची पाने. फुलांसाठी जागा किंवा ऊन नसेल तर पाने आहेतच. तुळस, मरवा, पुदिना, गवती चहा, पानओवा (कानडीत दोड्डपत्रे), कढीपत्ता ही मंडळी कुंडीत आनंदाने राहतात. दवणा हा थंडीचा पाहुणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पेरले की चैत्रापर्यंत तयार होतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना आपण दवणा विकत घेतो, तो घरच्या कुंडीतला नेता आला तर आनंद वेगळाच. आणि न्हाणीघराचे पाणी जेथे वाहते तेथे वाळ्याचे गड्डे लावावेत. मुळे माती घट्ट धरतात, धूप थांबते आणि उन्हाळ्यात माठात टाकायला वाळा घरचा मिळतो.

तंबाखूची बहीण

निपाणी परिसरातील विद्यार्थ्यांना तंबाखूचे रोप ओळखून देण्याची गरज नाही. पण रातराणी आणि तंबाखू एकाच कुळातील आहेत, हे फार थोड्यांना माहीत असेल. वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा, धोतरा हेही त्याच घरातले. रातराणीची फळे व पाने विषारी आहेत. लहान मुले असलेल्या घरात ती हाताला लागेल अशी लावू नये. तिचा उग्र वास काहींना डोकेदुखी करतो, दम्याच्या रुग्णांना त्रास देतो. म्हणून झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली रातराणी नको, अंगणाच्या कडेला असावी.

रातराणीच्या वासाने साप येतात, हा मात्र गैरसमज आहे. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागावर आणि लपायला दाट जागा मिळते म्हणून. कोणतेही झुडूप बुडाशी मोकळे व स्वच्छ ठेवले तर भीतीचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. झाडांवर मावा पडला की तंबाखूच्या भुकटीचा काढा करून फवारण्याची पद्धत आपल्याकडे आहे, कारण भुकटी सहज मिळते. त्यातील निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते. ओली तंबाखू हाताळल्यावर मळमळ, चक्कर, उलटी होते ती याचमुळे. तंबाखूच्या कामावर जाणाऱ्या माता-भगिनींना हे अनुभवाने ठाऊक आहे. मुलांच्या हाती हा काढा कधीही देऊ नये. शिवाय तंबाखूतून विषाणूजन्य रोग मिरची-टोमॅटोच्या रोपांना लागू शकतो. त्याऐवजी पन्नास ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून संध्याकाळी फवारावी. माव्याला एवढे पुष्कळ होते.

शोभेसाठी किंवा वासासाठी लावली जाणारी आणखी काही झाडे विषारी आहेत. लाल-पांढरी कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि खाली लोंबणाऱ्या मोठ्या फुलांचा धोतरा. शाळेच्या आवारात व बालवाडीच्या मुलांच्या घरी ही नकोतच. बिट्टीच्या बिया मुले खेळायला घेतात, म्हणून विशेष काळजी घ्यावी.

आजीचा मोगरा वाचवा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या गल्ल्यांमधील जुनी घरे एकेक करून पाडली जात आहेत. त्या जागी अपार्टमेंट उभी राहतात. घर पाडताना कौले, तुळया, दरवाजे यांचा हिशेब होतो, पण परड्यातला तीस-चाळीस वर्षांचा मोगरा किंवा जाईचा वेल जेसीबीखाली जातो. त्याची कोणी किंमत करीत नाही. खरे तर असे झाड आपल्याच मातीत आणि आपल्याच पावसात टिकून दाखविलेले असते. बाहेरून आणलेल्या कोणत्याही रोपापेक्षा त्याची खात्री जास्त.

ते वाचविणे अवघड नाही. दाब कलम विद्यार्थ्यांनाही जमते. कृती अशी:

१. पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाच्या बुडाजवळची, पेन्सिलीएवढ्या जाडीची लवचिक फांदी निवडावी.
२. एका डोळ्याच्या खाली साल हलकेच तिरकी कापावी. फांदी तुटता कामा नये.
३. तो भाग वाकवून जमिनीत, किंवा शेजारी ठेवलेल्या माती-शेणखताच्या कुंडीत, दोन-तीन इंच खोल पुरावा. शेंडा बाहेर ठेवावा.
४. वर वीट ठेवावी, म्हणजे फांदी उचलली जाणार नाही. माती ओलसर राहू द्यावी.
५. सुमारे तीन महिन्यांनी मुळे फुटली आहेत का ते हलकेच पाहावे. फुटली असल्यास मूळ झाडाकडून फांदी कापून रोप वेगळे करावे आणि पंधरा दिवस सावलीत ठेवावे.

म्हणजे मृगात केलेले कलम नवरात्राच्या सुमारास तयार होते. घर सोडून फ्लॅटमध्ये जाणाऱ्या आजीच्या गॅलरीत तिचाच मोगरा पुन्हा फुलू शकतो. ज्या पालकांचे घर लवकरच पाडायचे आहे, त्यांनी हे काम याच पावसाळ्यात करावे, पुढच्या वर्षी कदाचित झाड नसेल.

उन्हाळी सुट्टीचे काय?

आपल्या राज्यात शाळा एप्रिलच्या मध्याच्या सुमारास बंद होतात आणि मे महिनाअखेरीस उघडतात. रोपांसाठी नेमका हाच काळ कठीण. वळीव पडला तर ठीक, पण वळवाच्या भरवशावर राहता येत नाही. यासाठी जुना उपाय आहे. रोपाच्या शेजारी बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू झिरपते, आणि चार-पाच दिवसांनी मडके भरले तरी लहान रोपाला पुरते. झाकण विसरू नये, नाही तर डासांची पैदास होते. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणीही याच कारणाने ओतून टाकावे, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत.

अधिक माहिती हवी असल्यास आपल्या जिल्ह्यातच अरभावी येथे कित्तूर राणी चन्नम्मा यांच्या नावाचे उद्यानविद्या महाविद्यालय आहे. २००८ साली स्थापन झालेल्या बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला शेतकऱ्यांप्रमाणे घरगुती बाग करणाऱ्यांनीही घ्यावा.

शाळेपुरते काय करता येईल?

विश्वस्त मंडळापुढे आवाराच्या फरसबंदीचा विचार आहे. पावसाळ्यात चिखल होतो, ही अडचण खरी आहे. माझी विनंती एवढीच की, कंपाउंड भिंतीच्या आतील बाजूने चार फुटांचा मातीचा पट्टा मोकळा ठेवावा आणि फाटकाजवळ एका बकुळीसाठी जागा सोडावी, वरून विजेच्या तारा जात नाहीत अशी. फरशी पुढेही बसविता येईल, पण एकदा बसविलेली फरशी उखडून कोणी झाड लावत नाही.

यंदा रोपे विकत आणण्याऐवजी आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील एका जुन्या सुवासिक झाडाचे दाब कलम करावे, असे मी सुचवितो. वहीत त्या झाडाचे तिन्ही भाषांतील नाव, ते कोणी लावले, किती वर्षांचे आहे आणि माती कोणती, एवढे लिहावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय ही माहिती मिळणार नाही, आणि तेवढ्यासाठी तरी आजी-आजोबांजवळ बसणे होईल. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तयार झालेली रोपे शाळेत आणावीत. काही त्या मोकळ्या पट्ट्यात लागतील आणि उरलेली ज्यांच्या घरी झाड नाही अशा विद्यार्थ्यांना दिली जातील. प्रत्येक रोपाशेजारी मडके पुरण्याचे काम ज्याचे रोप त्याचेच राहील.

कात्री, वीट, थोडे शेणखत आणि तीन महिन्यांचा धीर, एवढेच साहित्य लागते. मृगाचा पहिला पाऊस पडला की कामाला लागावे.

कळावे.

आपला,
मुख्याध्यापक